फुटबॉलचा हेड कोच निवडताना: सर्च कमिटीतले माझे दोन महिने

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आमच्या कॉलेजची सीझनची शेवटची मॅच शनिवारी झाली आणि सोमवारी सकाळी हेड कोचनी राजीनामा दिल्याचा मेल आला. मंगळवारी दुपारी अ‍ॅथलेटिक डायरेक्टर बाईंचा फोन, सर्च कमिटीत तू हवीस, नाही म्हणू नकोस. मी ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते आणि चार वर्षांपासून इथली फॅकल्टी अ‍ॅथलेटिक्स रिप्रेझेंटेटिव्ह आहे. एनसीएए म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांची मुख्य संस्था, तिचा नियमच आहे की प्रत्येक मेंबर कॉलेजनं शिकवणाऱ्यांमधला एक माणूस या कामाला नेमायचा, जो खेळाडूंचा अभ्यास, त्यांची तब्येत, नियम नीट पाळले जातात का यावर लक्ष ठेवतो आणि जो स्पोर्ट्स डिपार्टमेंटच्या पगारावर नसतो.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आणि तालमींच्या टीमा, पायानं खेळायचा फुटबॉल. इथला हेल्मेटवाला फुटबॉल कळायला मला चार-पाच वर्षं लागली, पण एकदा कळला तसा आवडायला पण लागला, आता शनिवारी होम मॅच असली की मी थंडीवाऱ्यात पण जाते.

आधी हे सांगायला पाहिजे की टीव्हीवर दिसतो तो कॉलेज फुटबॉल वेगळा आणि आमचा वेगळा. तिकडं मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीचा फुटबॉल कोच हा बऱ्याच राज्यांत सगळ्यात जास्त पगाराचा सरकारी नोकर असतो. आम्ही डिव्हिजन थ्री, म्हणजे एनसीएएच्या तीन गटांतला तिसरा, इथं खेळासाठी स्कॉलरशिप देताच येत नाही, पोरं फी भरून शिकतात आणि वर खेळतात. आमच्याकडे विद्यार्थी जेमतेम चौदाशे, त्यात फुटबॉलची पोरं एकशे दहा, म्हणजे कॅम्पसवरच्या दर सहा-सात मुलग्यांमधला एक फुटबॉलचा. त्यामुळे हेड कोच चुकीचा निवडला तर नुसत्या मॅचा हरत नाही आपण, पुढच्या वर्षी वर्गात पोरंच कमी दिसतात, आणि छोट्या कॉलेजांची सध्या जी अवस्था आहे त्यात हे परवडणारं नाही. हे सगळं डोक्यात होतं म्हणून मी हो म्हटलं.

जाहिरात थँक्सगिव्हिंगच्या आधी गेली आणि दोन आठवड्यांत नव्वदच्या वर अर्ज आले. मोठ्या युनिव्हर्सिट्या यासाठी सर्च फर्म लावतात, आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत, सात जणांची कमिटी आणि एचआरच्या बाई, बस. बाईंनी पहिल्याच मीटिंगला तासभर घेतला फक्त काय विचारायचं नाही हे सांगायला. वय, लग्न, मुलंबाळं, धर्म, कुठल्या देशाचे, यातलं काही नाही. माझ्या कागदावर एक प्रश्न होता, "अजून किती वर्षं कोचिंग करायचा विचार आहे?" मला तो साधा वाटला होता. त्यांनी पेनानं आडवी रेघ मारली आणि सांगितलं की चाळीशीच्या पुढच्या माणसाला वयावरून नोकरीत डावलता येत नाही असा १९६७ चा कायदा आहे आणि हा प्रश्न त्याच दिशेला जातो. मला ते पटलं. पुढे ती रेघ मला फार उपयोगी पडली.

कारण अर्जांच्या ढिगात एक अर्ज असा होता की ज्यावर आमचे निम्मे वाद झाले. १९८३ चे ग्रॅज्युएट. तेव्हापासून जवळजवळ अखंड कोचिंग, त्यातली सतरा वर्षं दोन डिव्हिजन थ्री कॉलेजांत हेड कोच म्हणून. पहिल्या ठिकाणी रेकॉर्ड चांगला, दुसऱ्या ठिकाणी सुरुवात चांगली आणि शेवटची दोन वर्षं वाईट, म्हणून २०२२ च्या सीझननंतर काढून टाकलं. त्यानंतर दोन वर्षं घराजवळच्या हायस्कूलमध्ये असिस्टंट, लाइनच्या, म्हणजे पुढच्या फळीतल्या दांडग्या पोरांना शिकवायचे. वय कुणी विचारलं नाही पण १९८३ वाचल्यावर टेबलाभोवती सगळ्यांनी मनातल्या मनात बेरीज केली हे मला चेहऱ्यावरून दिसत होतं.

दुसऱ्या बाजूला एक चौतीस-पस्तिशीचा ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे आक्रमणाचा कोच होता, डिव्हिजन टूमधल्या जोरदार टीमचा, अर्ज इतका सुंदर की काय सांगू, रिक्रूटिंगचा पूर्ण प्लॅन, कुठल्या काउंटीतून किती पोरं आणायची, सोशल मीडियावर काय करायचं, सगळं. आणि तिसरे आमचेच डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, म्हणजे बचावाचे कोच, जे सध्या तात्पुरतं सांभाळत होते. ते चांगले गृहस्थ, पण ते स्वतःच नंतर म्हणाले की मला हेड कोच व्हायचंय की नाही हेच मला नक्की ठरवता येत नाहीये.

११ डिसेंबरला नॉर्थ कॅरोलायनानं बिल बेलिचिकना हेड कोच म्हणून घेतल्याची बातमी आली. वय ७२, हेड कोच म्हणून सहा सुपर बोल (इथल्या प्रोफेशनल फुटबॉलची फायनल) जिंकलेला माणूस, पण कॉलेजात कधीच कोचिंग न केलेला. आमच्या पुढच्या मीटिंगची पहिली वीस मिनिटं त्यातच गेली. कमिटीतले एक माजी विद्यार्थी म्हणाले, बघा, ते ७२ चे चालतात आणि आपण ६३ ला घाबरतो. लगेच दुसरे म्हणाले की त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे कोचलाच रात्री बसून प्रत्येक पोराच्या आईबापांना फोन करावे लागतात. मग कुणीतरी कर्ट सिग्नेटींचं नाव काढलं. इंडियाना युनिव्हर्सिटीनं त्यांना २०२३ च्या शेवटी ६२ व्या वर्षी घेतलं होतं, त्याआधी ते अलाबामाला नावाजलेले कोच निक सेबन यांच्या हाताखाली, मग डिव्हिजन टूच्या कॉलेजात हेड कोच, मग ईलॉन, मग जेम्स मॅडिसन असे एकेक पायरी चढत आलेले, आणि कित्येक पिढ्या हरत आलेल्या इंडियानाला त्यांनी पहिल्याच वर्षी, म्हणजे २०२४ ला, ११ मॅचा जिंकून प्लेऑफला नेलं. आमच्या इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापकांनी तर थेट आमोस अलोन्झो स्टॅगपर्यंत गाडी नेली. आमच्या डिव्हिजनची फायनल ज्यांच्या नावानं खेळली जाते तेच हे स्टॅग. शिकागो युनिव्हर्सिटीनं त्यांना ७० वर्षं झाली म्हणून १९३२ च्या सीझननंतर घरी बसवलं, ते घरी बसलेच नाहीत, कॅलिफोर्नियात कॉलेज ऑफ द पॅसिफिकला गेले आणि १९४३ ला ८१ व्या वर्षी कोच ऑफ द इयर झाले.

ऐकायला छानच वाटलं सगळं. पण मला आतून अस्वस्थ होत होतं, कारण स्टॅग काय किंवा सिग्नेटी काय, त्यांच्यावरून आमच्यासमोरच्या या माणसाबद्दल काहीच कळत नव्हतं. (पुढे नॉर्थ कॅरोलायना पहिल्या सीझनला ४ जिंकली, ८ हरली आणि इंडियाना २०२५ चा सीझन एकही मॅच न हरता नॅशनल चॅम्पियन झाली, म्हणजे अनुभवी माणूस घ्यावा की नाही या प्रश्नाला दोन वर्षांत दोन्ही उत्तरं मिळाली.) आणि विरोधातले लोक पण तसंच बोलत होते. अ‍ॅडमिशनचे व्हाइस प्रेसिडेंट तीनदा म्हणाले, "मला एनर्जी हवी." तिसऱ्यांदा एचआरच्या बाई शांतपणे म्हणाल्या, एनर्जी म्हणजे नक्की कुठलं काम ते लिहून द्या, मग त्या कामाबद्दल तिघांनाही सारखंच विचारू. आणि खरंच तसं केलं. एनर्जीचं झालं "वर्षात किती हायस्कूलमध्ये स्वतः जाता?" आणि त्याचं सगळ्यात मोठं उत्तर आलं ते या थोरल्या कोचकडून, गेल्या दोन वर्षांत नोकरी हायस्कूलची असताना सुद्धा ते आजूबाजूच्या शाळांच्या कोचेसना भेटत होते, त्यांच्याकडे वही होती.

नाताळच्या सुट्टीत बाबांशी फोनवर बोलत होते. बाबांना या फुटबॉलमधलं काही कळत नाही, पण ते तालमीच्या आजूबाजूला वाढलेले. मी सांगितलं की असा असा माणूस आहे, चाळीस वर्षांचा अनुभव, पण शेवटच्या ठिकाणाहून काढलेला, कसं ठरवायचं कळत नाही. बाबा म्हणाले, "अगं, वस्तादानं स्वतः किती कुस्त्या मारल्या हे कोण विचारतंय? पोरगं आखाड्यात उतरलं की लोक विचारतात कुणाचा पठ्ठा? त्याचे पठ्ठे कुठं आहेत ते बघ की."

मी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला.

कॉलेजांच्या स्पोर्ट्स वेबसाइटवर जुनी रोस्टर पडून असतात, दर वर्षीची टीमची यादी, नावापुढे फ्रेशमन, सॉफमोर, ज्युनियर, सिनियर. मी त्या माणसाच्या सतराही सीझनच्या याद्या काढल्या आणि एक तक्ता केला, पहिल्या वर्षाला आलेली पोरं किती आणि त्यातली तीच नावं चौथ्या वर्षाच्या यादीत किती. २०२० च्या आसपासची वर्षं बाजूला ठेवली कारण कोविडमध्ये डिव्हिजन थ्रीचा बहुतेक सीझनच झाला नाही आणि पोरांना खेळायला वर्ष वाढवून मिळालं, त्यामुळे ते आकडे फसवे. तुलनेला आमच्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे आम्ही ज्यांच्याशी खेळतो त्या गटातल्या पाच कॉलेजांचा आणि आमचाही तोच तक्ता केला. चार रात्री गेल्या त्यात. नावं हातानं जुळवावी लागतात, एकाचं नाव एका वर्षी पूर्ण, दुसऱ्या वर्षी आखूड, कुणी मध्ये एक वर्ष दुखापतीनं गायब.

आमच्याकडे शंभर पोरं आली तर चौथ्या वर्षी पस्तीसच्या आसपास टीममध्ये उरतात, कॉन्फरन्समध्ये पण उन्नीस-बीस तसंच. या कोचच्या पहिल्या कॉलेजात निम्म्याहून जास्त पोरं शेवटपर्यंत राहिलेली, आणि त्यातली बरीचशी अशी की ज्यांच्या नावापुढे चार वर्षांत मॅचचा एक आकडा नाही, म्हणजे बेंचवर बसून, पहाटे उठून, फी भरून राहिलेली पोरं. दुसऱ्या कॉलेजात पण सुरुवातीला तसंच, शेवटच्या काही वर्षांत मात्र ते खाली खाली येत आमच्याइतकंच झालेलं. चांगलं पण आणि वाईट पण एकाच कागदावर. त्या तरुण कोऑर्डिनेटरचा असा तक्ता करताच येत नव्हता कारण तो कुठं हेड कोच नव्हताच, ही त्याची चूक नाही, आणि हे मी कमिटीत तक्ता दाखवायच्या आधीच बोलले.

जानेवारीत सेमिस्टर सुरू झाल्यावर तिघांना एकेक दिवस कॅम्पसवर बोलावलं. सकाळी साडेआठ ते रात्री जेवणापर्यंत. डीनबरोबर, अ‍ॅडमिशनवाल्यांबरोबर, आमच्या कमिटीबरोबर, आणि एक तास फक्त खेळाडूंबरोबर, तिथं मोठ्या माणसांना बंदी. तरुण कोऑर्डिनेटरचा दिवस अप्रतिम गेला हे मी मनापासून सांगते. त्यानं व्हिडिओ लावून आमच्याच टीमच्या दोन मॅचा उलगडून दाखवल्या, कुठं काय चुकलं, त्याच खेळाडूंकडून काय करून घेता येईल. पोरं खूश होऊन बाहेर आली.

थोरल्या कोचच्या दिवशी बर्फ पडत होतं. मला त्यांना कॅम्पस दाखवायचं काम होतं. मी नव्या वेट रूमकडे निघाले तर ते म्हणाले, इक्विपमेंट रूम कुठंय? तळघरात आहे, तिथं कुणी पाहुण्यांना नेत नाही, धुतलेल्या जर्सींचा आणि जुन्या फोमचा वास. ते आत गेले, इक्विपमेंट मॅनेजरला स्वतःचं नाव सांगितलं, रॅकवरचं एक हेल्मेट उचललं, उलटं केलं आणि आतला स्टिकर चष्मा वर करून वाचला. हेल्मेटं ठरावीक काळानं तपासणीला जातात, आत स्टिकर असतो कधी तपासलं त्याचा. मग दुसरं, मग मागच्या रांगेतलं एक. पुढच्या रांगेतली ताजी होती, मागच्या रांगेतलं, जे पहिल्या वर्षाच्या पोरांना मिळतं, ते जुनं होतं. ते काही बोलले नाहीत, फक्त मॅनेजरला विचारलं, "बजेट कधी मागता तुम्ही, मार्चला?" तो माणूस एकवीस वर्षं इथं आहे, मला नंतर म्हणाला, आजपर्यंत कुठल्याच कोचनी नोकरी लागायच्या आधी हे विचारलं नव्हतं.

दुपारी आमची मुलाखत. मी तिघांनाही एकच प्रश्न ठेवला होता. ऑगस्टचा कॅम्प, तिसरा दिवस, एकशे तीस किलोचा लाइनमन पळता पळता अडखळतो, विचारलं तर म्हणतो मी ठीक आहे कोच. तुम्ही काय करता? हा प्रश्न मी उगाच निवडला नव्हता. २०१८ ला मेरीलँड युनिव्हर्सिटीत जॉर्डन मॅकनेर नावाचा १९ वर्षांचा लाइनमन असाच पळताना उष्माघातानं कोसळला आणि दोन आठवड्यांनी गेला, आणि त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवलंच नव्हतं हे चौकशीत बाहेर आलं. अशा वेळी शरीराचं तापमान ४० डिग्री सेल्सिअसच्या वर जातं आणि ते अर्ध्या तासाच्या आत खाली आणलं तर पोरगं वाचतं, म्हणून ट्रेनर लोकांचा नियम आहे, आधी थंड करा, मग हॉस्पिटलला न्या. (ट्रेनर म्हणजे इथं व्यायाम घेणारा नाही, खेळाडूंच्या दुखापती बघणारा लायसन्सवाला माणूस.) आपल्याकडे घाम आला, चक्कर आली तर पोराला सावलीत बसवून पाणी पाजतात, पण या उष्माघाताला तेवढं पुरत नाही.

तरुण कोऑर्डिनेटर म्हणाला, त्या क्षणी निर्णय ट्रेनरचा, मी मध्ये बोलणार नाही. बरोबर उत्तर, पुस्तकात आहे तसंच. थोरल्या कोचनी उत्तर द्यायच्या आधी मला विचारलं, "तुमच्याकडे टब कुठं ठेवता? मैदानापासून किती पावलं?" मला माहीत नव्हतं. चार वर्षं हे काम करते आणि मला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं, ट्रेनर बाईंना मेसेज करून विचारलं, उत्तर आलं की जिममध्ये, आत, पायऱ्या उतरून.

मग ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले की एक गोष्ट मी सांगतो जी माझ्या रेझ्युमेवर नाही. पहिल्या कॉलेजात, सुरुवातीच्या वर्षांत, एक पोरगा असाच अडखळला होता आणि मी त्याला अजून दोन फेऱ्या मारायला लावल्या. तो पडला. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होता, वाचला. "त्याच्या आईनं मला वेटिंग रूममध्ये विचारलं, तुम्ही त्याच्याकडे बघत होता ना? आणि मी बघत होतो." एवढं सांगून त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि परत ठेवला, प्यायले नाहीत. खोलीत कुणी काही लिहीत नव्हतं.

नंतर कमिटीत याच्यावर फार मोठा वाद झाला. एकजण म्हणाले की हा धोकाच आहे, उद्या पेपरात आलं तर? मी म्हटलं की आता हे आपल्याला माहीत झालंय तर तपासायचं, गप्पा मारून सोडायचं नाही आणि भावनेत वाहून पण जायचं नाही. त्या कॉलेजात त्या वेळी जे ट्रेनर होते ते आता रिटायर झालेत, अ‍ॅथलेटिक डायरेक्टर बाईंनी त्यांचा नंबर मिळवला, त्यांची आणि कोचची दोघांची परवानगी घेऊन आम्ही दोघींनी स्पीकरवर फोन केला. ते म्हणाले, झालं होतं तसं. आणि पुढच्या सोमवारी कोच माझ्या ऑफिसात आला आणि म्हणाला, आजपासून तू शिट्टी वाजवलीस की प्रॅक्टिस थांबते, मला विचारायचं नाही. "मी त्यानंतर त्याची प्रॅक्टिस कितीतरी वेळा थांबवली. एकदा मी चुकीची पण थांबवली. तो एकदा पण बोलला नाही."

त्यांनी दिलेल्या रेफरन्सपलीकडे पण फोन करायचे असं आम्ही तिघांच्या बाबतीत ठरवलं होतं, तशी लेखी परवानगी आधी घेतलेली. माझ्या वाट्याला या कोचचे जुने खेळाडू आले. स्टार खेळाडू सगळे छानच बोलतात, म्हणून मी माझ्या तक्त्यातली ती आकडा नसलेली नावं घेतली, तीन जण सापडले, त्यातले दोघे आता तिशी-चाळिशीतले. त्या दोघांनी भरभरून सांगितलं. एकजण म्हणाला, मी चार वर्षांत फक्त एकदा किकऑफला उतरलो, पण माझ्या ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या लॅबची वेळ कोचला पाठ होती, लॅबच्या दिवशी मी पंचवीस मिनिटं उशिरा यायचो आणि तो सगळ्यांसमोर सांगायचा की हा उशिरा येईल, कारण त्याचं काम आहे. तो आता डेंटिस्ट आहे.

तिसरा दुसऱ्या कॉलेजातला, शेवटच्या वर्षांमधला. तो आधी बोलायलाच तयार नव्हता. मग म्हणाला की कोच स्वतः चांगले होते पण त्यांचा लाइनचा असिस्टंट पोरांना घाणेरडं बोलायचा, रोज, दुबळ्या पोरांना धरून, आणि कोचना ते दोन वर्षं कळलं नाही, किंवा कळलं तरी जुना मित्र म्हणून त्यांनी कळून घेतलं नाही. "मी त्या वर्षी सोडलं. माझ्याबरोबर सहाजण." माझ्या तक्त्यातली ती खाली येणारी रेघ मला तेव्हा कळली. मला त्या रात्री झोप लागली नाही. मला तो माणूस आवडला होता, हेल्मेट उलटं करून बघणारा, आणि त्याच्याच टीममध्ये पोरं रोज अपमान गिळत होती.

आम्ही त्यांना परत झूमवर बोलावलं, पोराचं नाव न सांगता विचारलं. ते लगेच म्हणाले, हो, खरं आहे. मला उशिरा कळलं आणि कळल्यावर पण मी त्याला सीझन संपेपर्यंत ठेवला, कारण वीस वर्षं बरोबर काम केलं होतं. तो सीझन माझा तिथला शेवटचा आणि मला काढलं ते बरोबर काढलं. मी विचारलं की इथं तसं होऊ नये म्हणून तुम्ही काय कराल, शब्दात नको, कामात सांगा. ते म्हणाले की माझ्याबरोबर मी एकही जुना असिस्टंट आणणार नाही. आणि खेळाडूंना दर महिन्याला तुमच्याकडे, फॅकल्टी रिप्रेझेंटेटिव्हकडे, पाठवा, मी त्या खोलीत नसताना. त्यांच्याकडून काय कळलं ते तुम्ही डायरेक्टरला आधी सांगा, मला नंतर.

आमच्या पद्धतीत कमिटी कोच निवडत नाही, प्रत्येकाचे गुण आणि काळजीच्या गोष्टी लिहून देते, क्रम लावत नाही, निर्णय डायरेक्टर आणि प्रेसिडेंट घेतात. माझी या कोचबद्दलची नोंद दोन पानी झाली, दुसरं पान पूर्ण काळजीचं होतं. दरम्यान आमच्या तात्पुरत्या कोचनी नाव मागे घेतलं. आणि वेळ हातातून जात होता, कारण डिव्हिजन थ्रीची पोरं याच महिन्यांत ठरवतात कुठं जायचं, आणि कोच नसलेल्या कॉलेजला कोण हो म्हणणार? आमची येऊ घातलेली आठ-दहा पोरं त्या काळात दुसरीकडे गेली हे अ‍ॅडमिशनवाल्यांनी दर आठवड्याला सांगितलं, आणि ते खरंच होतं. फोन करायला आम्ही घेतलेल्या वेळेची किंमत कॉलेजला मोजावी लागत होती.

जानेवारीच्या शेवटी ऑफर थोरल्या कोचना गेली. पगारावर त्यांनी फार ओढलं नाही, एका कलमावर ओढलं, ट्रेनर बाईंनी थांबा म्हटलं की प्रॅक्टिस थांबेल हे त्यांना स्वतःच्या करारात लिखित हवं होतं, आणि टब मैदानाच्या कडेला. वकिलांनी दोन दिवस घेतले. तरुण कोऑर्डिनेटरला डायरेक्टर बाईंनी फोन केला आणि मी वेगळं पत्र लिहिलं, कारण त्याच्या कामात मला एकही खोट दिसली नव्हती आणि हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. त्यानं उत्तर पाठवलं, दोनच ओळी, की माझ्या पुढच्या मुलाखतीआधी तुमच्या तक्त्याची पद्धत मला शिकवाल का. आम्ही मार्चमध्ये तासभर झूमवर बसलो.

२०२५ चा आमचा सीझन ४ जिंकल्या ६ हरल्या, आधीच्या वर्षीपेक्षा एक जास्त. ऑगस्टमध्ये ट्रेनर बाईंनी प्रॅक्टिस तीनदा थांबवली. मागच्या रांगेतली हेल्मेटं तपासून आली. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी चार-पाच पोरं माझ्या ऑफिसात येतात, कधी काही सांगतात, कधी नुसता पिझ्झा खाऊन जातात, ऑक्टोबरमध्ये एकानं एका असिस्टंटबद्दल सांगितलं, बोलण्याच्या पद्धतीबद्दल, मी ते डायरेक्टर बाईंना त्याच दुपारी सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात त्या असिस्टंटशी बोलणं झालं, कोच त्या खोलीत बसले होते असं मला नंतर कळलं.

बाबा फोनवर विचारतात, काय गं, तुझा वस्ताद कसा निघाला? मी सांगते अजून कळलं नाही. त्यांनी आणलेली पहिली बॅच एकोणचाळीस पोरांची, नावं माझ्या तक्त्यात पहिल्या रकान्यात भरलीत. दुसरा रकाना येत्या ऑगस्टमध्ये भरेन, चौथा २०२८ ला.